दोन वारा, एक सदोष गर्भ: देवगड तालुक्यातल्या एका जुळ्या गरोदरपणाची नोंद

रुग्ण ३६ वर्षांची. पहिला मुलगा सात वर्षांचा, त्या वेळचं बाळंतपण नॉर्मल, तालुक्यातच झालेलं. माहेर कणकवलीकडचं, सासर देवगड तालुक्यात खाडीकाठी. नवरा ट्रॉलरवर खलाशी, घरी सासू आणि करारावर दिलेली थोडी हापूसची कलमं. गर्भ आपसूक राहिलेला, बीज वाढवायच्या गोळ्या-इंजेक्शनं काही नाहीत. मावशीला जुळी झालेली, एवढाच घराण्याचा इतिहास. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एकच. जुळ्यांपैकी एका गर्भात जगू न शकणारा दोष सापडला, की घरचे धरून चालतात की तो गर्भ लवकर थांबवला म्हणजे दुसरा सुरक्षित. बरेच डॉक्टरही तसंच धरतात. दोन वारांच्या जुळ्यांत, म्हणजे प्रत्येक गर्भाला स्वतःची वेगळी वार (प्लासेंटा) असते तिथे, हिशोब पुष्कळदा उलटा निघतो. दोष जितका जीवघेणा, तितकं त्याला हात न लावणं दुसऱ्या बाळाच्या हिताचं ठरू शकतं. पण हात न लावण्याचीही किंमत असते, आणि ती कधी आणि किती द्यावी लागेल हे आधी कोणी सांगू शकत नाही.

वयाबद्दल थोडं. पस्तिशीच्या आसपास स्त्रीबीज पिकवणाऱ्या संप्रेरकाची पातळी वाढू लागते, म्हणून एकाच महिन्यात दोन बीजं सुटण्याचं प्रमाण वाढतं. त्याच वयात बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचंही प्रमाण वाढतं. त्यामुळे उशिराच्या गरोदरपणात जुळी आणि गुणसूत्रदोष यांची गाठ अधूनमधून पडतेच. दोन वेगळ्या बीजांची जुळी असतील तर प्रत्येकाचा धोका स्वतंत्र. म्हणजे दोघांपैकी निदान एकात दोष असण्याची शक्यता एकेरी गरोदरपणाच्या जवळजवळ दुप्पट होते. एकाच बीजाची जुळी असली तर धोका एकेरीइतकाच, पण दोष असला तर बहुधा दोघांनाही. रचनेतल्या व्यंगांचं गणित मात्र निराळं आहे. ती एकबीज जुळ्यांत जास्त दिसतात, आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एकातच.

पहिली सोनोग्राफी

जूनचा मध्य. मासेमारीची बंदी १ जूनपासून लागलेली, म्हणून नवरा घरी होता आणि सोबत आला. १२ आठवडे ३ दिवस. कणकवलीच्या रेडिओलॉजिस्टनी या सोनोग्राफीला नेहमीपेक्षा बराच वेळ दिला. पुढचं सगळं त्या वेळेवर उभं आहे.

दोन गर्भ, दोन्हीचे ठोके व्यवस्थित. एकाची डोक्यापासून बसण्यापर्यंतची लांबी ६० मिलिमीटर, दुसऱ्याची ५१. अशा वेळी दिवस मोठ्या बाळावरून धरायचे असतात. लहान बाळावरून धरले तर त्याची खुंटलेली वाढ झाकली जाते. मोठ्या बाळाच्या मानेमागची पाण्याची जागा १.७ मिलिमीटर. लहान बाळाची ४.३. शिवाय लहान बाळाच्या बेंबीच्या मुळाशी पोटाबाहेर आलेली पिशवी होती आणि तिच्यात यकृत दिसत होतं. बाराव्या आठवड्याच्या आधी आतड्याचा वेटोळा नाळेत असणं स्वाभाविक आहे, तो नंतर आत जातो. यकृत बाहेर असणं कुठल्याच आठवड्यात स्वाभाविक नाही. वाढलेली मान, खुंटलेली वाढ आणि यकृत असलेली बेंबीची पिशवी, ही तिन्ही एकत्र दिसली की अठराव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, म्हणजे एडवर्ड्स सिंड्रोम, हा पहिला संशय.

रिपोर्टची पहिली ओळ मात्र याबद्दल नव्हती. ‘दोन वारा, दोन पिशव्या, लॅम्डा खूण स्पष्ट’ असं तिथे लिहिलं होतं. दोन वारा जिथे एकमेकींना भिडतात तिथे मधल्या पडद्याच्या बुंध्यात वारेचं टोक त्रिकोणासारखं घुसलेलं दिसतं, ती लॅम्डा खूण. एकच वार असेल तर पडदा वारेला काटकोनात टेकतो आणि खूण इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते. चौदा आठवड्यांनंतर ही खूण पुसट होत जाते. आमच्या भागात पहिली सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यात ‘ठोके आले का’ बघायला होते आणि दुसरी थेट पाचव्या महिन्यात. मधली राहिली की वारा किती होत्या याचा खात्रीचा पुरावा कायमचा हातचा जातो. एरवी त्याने बिघडत नाही. दोघांपैकी एकाला काही निघालं की मग सगळेच डोक्याला हात लावतात.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे रेडिओलॉजिस्टनी ‘बाळ एक, बाळ दोन’ एवढ्यावर भागवलं नाही. कागदाच्या मागे पेनाने आकृती काढून दिली. मोठं बाळ आईच्या उजव्या बाजूला, वार मागच्या भिंतीला, नाळ वारेच्या मधोमध. लहान बाळ डाव्या बाजूला, वार पुढच्या भिंतीला, नाळ कडेला चिकटलेली. आकड्यांच्या नावांत गोम अशी की पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर गर्भपिशवीच्या तोंडाजवळ जे दिसेल त्याला ‘एक’ म्हणतो. परदेशात मुलगा-मुलगी हीसुद्धा ओळखीची खूण म्हणून नोंदवतात. आपल्याकडे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने ती सांगता किंवा लिहिता येत नाही, आणि येऊही नये. म्हणून बाजू, वार आणि नाळ या तीन खुणा आपल्याकडे अधिकच काटेकोरपणे लिहिल्या पाहिजेत.

डबल मार्करचा हिरवा कागद

चार दिवसांनी नवऱ्याने मोबाईलवर डबल मार्करचा, म्हणजे आईच्या रक्तावरून गुणसूत्रदोषाचा धोका मोजणाऱ्या छाननीचा, रिपोर्ट दाखवला. ट्रायसोमी १८ चा, म्हणजे एडवर्ड्सचा धोका दहा हजारांत एकपेक्षा कमी, ‘लो रिस्क’, शेजारी हिरवा ठिपका. घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

फॉर्म मागवून पाहिला. त्यात लांबीचा रकाना एक आणि मानेच्या मापाचा रकाना एक. दोन्हीत मोठ्या, निरोगी बाळाची मापं भरलेली. जुळी असल्याची खूण कोणी केलेली नव्हती. पण ती केली असती तरी अडचण पूर्ण सुटली नसती. आईच्या रक्तात दोन्ही वारांचे पदार्थ मिसळलेले असतात. एडवर्ड्स असलेल्या गर्भाच्या वारेतून ते कमी येतात, निरोगी वारेतून पुरेसे येतात, आणि बेरीज सामान्य दिसते. जुळ्यांत डबल मार्कर अगदी निरुपयोगी नाही, पण एकेरी गरोदरपणाच्या मानाने तो दुबळा आहे, आणि दुसऱ्या तिमाहीतली क्वाड्रुपल ही रक्ताची छाननी तर त्याहून दुबळी. मानेचं माप तेवढं प्रत्येक बाळाचं स्वतंत्र असतं. ४.३ दिसल्यावर हिरव्या ठिपक्याला काही अर्थ उरत नाही.

मग प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने एनआयपीटी सुचवली, आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची तपासणी. चाचणी चांगली आहे. जुळ्यांत डाऊन सिंड्रोमसाठी ती जवळजवळ एकेरीइतकीच विश्वासार्ह ठरली आहे. अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्रासाठी जुळ्यांतला अनुभव त्यापेक्षा कमी, आणि प्रत्येक गर्भाचा वाटा कमी पडल्याने ‘नमुना अपुरा’ असं उत्तर येण्याचं प्रमाण जास्त. पण आम्ही ती नको म्हटलं ते वेगळ्याच कारणाने. दोष आहे असं ती सांगेल, कोणत्या बाळात आहे ते सांगणार नाही. आणि सोनोग्राफीत रचनेचा दोष डोळ्यांना दिसत असताना छाननीची चाचणी करण्यात पैसा आणि आठवडे दोन्ही जातात. इथून पुढे सुई हाच रस्ता होता.

घरात काय चाललं होतं

वार कोवळी असतानाच तिचा तुकडा घेऊन तेराव्या आठवड्यात तपासणी करता आली असती. ती सोय जवळपास नाही. जुळ्यांत एकाच वारेतून दोनदा तुकडा घेतला जाण्याचा थोडा धोकाही असतो. कुटुंबाला वेळ हवा होता. शेवटी सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासायचं ठरलं. थांबण्याचं नुकसान त्यांना तेव्हाच सांगितलं: पुढे एक गर्भ थांबवायचा झाला तर सोळाव्या आठवड्याच्या आत ते जास्त सुरक्षित असतं.

मधल्या दिवसांत सासूने ग्रामदेवतेला कौल लावला. प्रश्न होता, सुई टोचून घ्यावी की नाही. उजवा पडला, म्हणजे होकार. मी यावर कधी वाद घालत नाही. कौल डावा पडला असता तर पुन्हा बसून बोललो असतो, आणि तसं याआधी बोलावं लागलेलं आहे. मला जास्त खुपलं ते सासूचं दुसरं वाक्य: “ग्रहणात हिना विळी हातात धरल्यान.” सून खाली मान घालून बसली होती. तिने स्वतः विचारलं ते वेगळं: फोलिक ॲसिडच्या गोळ्या मधे पंधरा दिवस राहिल्या, त्याने झालं का?

दोघींना एकत्र बसवून सांगितलं. स्त्रीबीज तयार व्हायला सुरुवात होते ती बाई स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना. मग ते अर्धवट थांबून राहतं आणि पाळी येऊ लागल्यावर ज्या महिन्यात सुटेल त्याच्या आधी पुढचं काम पुरं करतं. या बाईच्या बाबतीत ते थांबणं छत्तीस वर्षांचं होतं. एवढ्या काळानंतर गुणसूत्रांच्या जोड्या सुटताना एखादी जोडी अडकते आणि बीजात एक प्रत जास्त जाते. हे गर्भ राहण्याच्या आधीच ठरलेलं असतं, ग्रहण आणि विळी नंतरची. फोलिक ॲसिड मेंदू आणि मज्जारज्जूची नळी नीट मिटण्यासाठी असतं, गुणसूत्रांची वाटणी त्याच्या हातात नाही. सासू गप्प झाली. पटलं असं नाही, पण विळीचा विषय माझ्यासमोर तरी पुन्हा निघाला नाही.

नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावाने बाहेर व्हरांड्यात विचारलंच: “झील खयचो, चेडू खयचा?” (मुलगा कुठला, मुलगी कुठली?) दोन गर्भांपैकी एकाबद्दल निर्णय व्हायचा असतो तेव्हा या प्रश्नाचं वजन नेहमीपेक्षा जास्त असतं. उत्तर दिलं नाही, आणि तपासणीच्या अहवालातही लिंग छापलं जात नाही हे त्याला सांगून ठेवलं.

सुई

जुलैचा दुसरा पंधरवडा. करूळ घाटाचा भरवसा नसल्याने गाडी फोंडा घाटातून राधानगरीवरून कोल्हापूरला गेली. जाताना वाटेत पडलेल्या झाडापायी वेळ गेला आणि तपासणी संध्याकाळवर ढकलावी लागली. किनाऱ्यावरच्या गरोदर बाईसाठी हा प्रवाससुद्धा उपचाराचाच भाग असतो, फक्त तो कुठल्या कागदावर येत नाही.

कायद्याप्रमाणे सुईआधीची संमती बाईला समजणाऱ्या भाषेत लेखी घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची. इथे ती मराठीत होती, आणि तिने ती वाचून काढली. गर्भतज्ज्ञांनी सुई उचलण्याआधी जुनी आकृती समोर ठेवून नवीन आकृती काढली. लहान बाळ आता खाली, गर्भपिशवीच्या तोंडाकडे सरकलेलं होतं. नुसते आकडे असते तर कणकवलीचं ‘दोन’ कोल्हापुरात ‘एक’ झालं असतं. वारा आणि नाळा मात्र जागच्या जागी होत्या.

दोन वेगळ्या सुया, दोन वेगळ्या पिशव्यांतलं पाणी, प्रत्येकी साधारण १५ ते २० मिलिलिटर. सिरिंजवर तिथल्या तिथे ‘उजवं, मागची वार’ आणि ‘डावं, पुढची वार’ अशी पट्टी. दोन वारा आहेत म्हणजे बाळं दोन बीजांचीच, असं धरता येत नाही. एका बीजाचा गर्भ पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर त्यांनाही दोन वारा होतात. म्हणून निरोगी दिसणाऱ्या बाळाचंही पाणी तपासलं. अशा तपासणीने गर्भपाताचा वाढीव धोका सराव असलेल्या हातात शंभरात एकाच्या आसपास असतो, हे आधी सांगितलेलं होतं.

तीन दिवसांत प्राथमिक अहवाल आला, दोनेक आठवड्यांत पूर्ण गुणसूत्रांचा. उजवं बाळ सामान्य. डाव्या बाळात अठराव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, सुट्या, कुठल्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेल्या नाहीत. हा शेवटचा तपशील पुढच्या गरोदरपणासाठी कामाचा असतो.

थांबायचं की थांबवायचं

पहिला पर्याय, सगळं गरोदरपण संपवणं, दोघांनी ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय, फक्त डाव्या बाळाचं हृदय सुईने पोटॅशियम क्लोराईड देऊन थांबवणं. दोन वारा असल्याने रक्ताभिसरण वेगळं, औषध उजव्या बाळाकडे जात नाही. पण त्यानंतर संपूर्ण गरोदरपणच हातचं जाण्याचा धोका आहे, साधारण शंभरात सात-आठ.

तिसरा पर्याय, वाट पाहणं. बाराव्या आठवड्यात जिवंत दिसणाऱ्या एडवर्ड्सच्या गर्भांपैकी सुमारे ७० टक्के जन्मापर्यंत पोचत नाहीत. जे जन्मतात त्यांतले बहुतेक पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. शंभरातले पाच ते दहा वर्षभर जगतात, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता मिळाली तर काही त्याहून जास्त, पण तीव्र मतिमंदत्वासह. म्हणून मी ‘जगणार नाही’ असं छातीठोकपणे म्हणत नाही. ‘जगण्याची आशा फार थोडी’ असं म्हणतो, आणि ते थोडं म्हणजे किती तेही सांगतो.

आता हिशोब मांडून बघा. डाव्या बाळाचा शेवट बहुधा ठरलेलाच. तो आपण घडवला तर उजव्या बाळावर सात-आठ टक्क्यांचं ओझं टाकतो. निसर्गावर सोडला तर दोन वारांमुळे उजव्याला थेट इजा क्वचितच होते. हाच दोष डाऊन सिंड्रोम असता तर गणित पार वेगळं होतं. डाऊनचं मूल कित्येक दशकं जगतं. तिथे वाट पाहणं म्हणजे ते मूल वाढवायचं ठरवणं, आणि गर्भ थांबवण्याचा प्रश्न त्या आईबापांना काय पेलतं यावर येतो. कवटीच न बनलेला गर्भ असता तर तो जन्मानंतर जगत नाही हे नक्की, पण तिथे पाणी बेसुमार साठून दोन्ही बाळं अकाली बाहेर येण्याची भीती असते.

आणि एकच वार असती तर? पोटॅशियमचा प्रश्नच नव्हता, ते सामाईक रक्तवाहिन्यांतून दुसऱ्याकडे गेलं असतं. नाळ बंद करण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत, धोका बराच जास्त, आणि त्या मोजक्या ठिकाणी होतात. शिवाय एकवार जुळ्यांत एक गेलं तर दुसऱ्याचं रक्त त्याच्याकडे वाहून दुसरं जाण्याची शक्यता साधारण १५ टक्के, आणि जगलं तरी मेंदूला इजा होण्याची भीती. दोन वारांत हे आकडे दोन-तीन टक्क्यांच्या घरात राहतात. बाराव्या आठवड्यातल्या त्या एका ओळीसाठी मी इतका आग्रह धरतो तो यासाठी.

तिने अहवाल ऐकल्यावर विचारलं, “ह्या गेला तर दुसऱ्याक काय होतला?” मला वाटतं सगळ्या बैठकीतला हाच नेमका प्रश्न होता. उत्तर ऐकून तिने थांबायचं ठरवलं. नवऱ्याचा कल उरकून टाकण्याकडे होता. त्याला १ ऑगस्टला बोटीवर जायचं होतं, आणि मागे घरात हे असं अधांतरी ठेवून जाणं त्याला जड जात होतं. त्याचंही चुकत नव्हतं.

कायद्याने एक आधार दिला. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती येण्याआधी २० आठवड्यांची रेघ होती, आणि त्या रेघेच्या धाकाने लोक अर्धवट माहितीवर निर्णय घेत. आता गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने मार्ग खुला आहे. पुढे पाणी साठलंच तर पुन्हा विचार करता येईल, एवढं सांगितल्यावर नवराही तयार झाला.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर

गणपती घरीच झाले. तेव्हाच्या सोनोग्राफीत डावं बाळ बरंच मागे पडलं होतं. मुठी आवळलेल्या, बोटं एकमेकांवर चढलेली, हृदयाच्या पडद्याला छिद्र, नाळेत एकच रोहिणी. जठराचा बुडबुडा कुठेच दिसेना, म्हणजे अन्ननलिका बंद असण्याचा संशय. बाळ पाणी गिळू शकत नसेल तर पाणी साठणार, आणि ते साठलंच.

नवरात्राच्या सुमारास, २८ आठवड्यांना, पोट ताणल्यासारखं वाटतं आणि रात्री श्वास लागतो म्हणून ती आली. डाव्या पिशवीत पाण्याची सर्वांत खोल जागा १३ सेंटिमीटर, आठच्या वर गेलं की जास्त समजतात. गर्भपिशवीचं तोंड आखूड होऊन १९ मिलिमीटर. अधूनमधून कळा. वाट पाहण्याची किंमत ही अशी समोर आली. उजवं, पूर्ण निरोगी बाळ अकराशे ग्रॅमच्या आसपास असताना जन्माला येण्याच्या बेतात होतं.

१०२ च्या गाडीने तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार डोस. मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट तयार ठेवलं. पाणी कमी करणाऱ्या इंडोमेथासिनचा विषय निघाला, पण ते उजव्या बाळाच्या हृदयाजवळची नळी अकाली आखडवू शकतं. एका बाळाच्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या हृदयाशी खेळायला कोणी तयार नव्हतं. सोनोग्राफीखाली सुई घालून डाव्या पिशवीतलं पाऊणेदोन लिटर पाणी सावकाश काढलं. कळा शांत झाल्या, तिला त्या रात्री आडवं झोपता आलं.

पंधरा दिवसांत पाणी पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. या टप्प्यावर डाव्या बाळाचं हृदय थांबवण्याचा विचार गंभीरपणे सुरू झाला, कारण आता मूळ हिशोबच बदलला होता. वाट पाहण्यातला धोका थांबवण्यातल्या धोक्याच्या वर गेला होता. वैद्यकीय मंडळाच्या अर्जाची तयारी झाली. अर्ज जाण्याआधीच, एकतिसावा आठवडा संपता संपता, डाव्या बाळाचे ठोके थांबलेले आढळले.

वॉर्डात लगेच सिझेरियनची घाई सुरू झाली. मेलेलं बाळ पोटात राहिलं तर ‘विष पसरतं’, ही भीती नातेवाइकांना असते आणि काही सहकाऱ्यांनाही. आईच्या रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडू शकते हे पुस्तकात आहे, प्रत्यक्षात जुळ्यांत ते फार क्वचित दिसतं. दोन वारा होत्या. उजवं बाळ वाढत होतं, त्याच्या नाळेतला प्रवाह चांगला होता. बत्तिसाव्या आठवड्यात त्याला बाहेर ओढून अतिदक्षतेत ठेवण्याला काही कारण नव्हतं. रक्ताच्या तपासण्या ठरावीक दिवसांनी करत राहिलो, त्या सामान्य राहिल्या. डाव्या पिशवीतलं पाणी आपोआप ओसरत गेलं आणि गर्भपिशवीवरचा ताण उतरला.

जन्म आणि त्यानंतरचे कागद

नोव्हेंबरच्या अखेरीस, छत्तिसावा आठवडा पुरा झाल्यावर कळा आल्या. उजव्या बाळाचं डोकं खाली होतं. मुलगी, २३०० ग्रॅम, लगेच रडली. पाठोपाठ मृत बाळ, साधारण ८५० ग्रॅम. दोन्ही वारा वेगळ्या असल्याची खात्री हाताळून आणि पडदा तपासून केली.

मृत बाळ बघायचं का, हे तिला आधीच्या भेटींत विचारून ठेवलं होतं. तिने हो म्हटलं होतं, तेव्हा कापडात नीट गुंडाळून दाखवलं. बेंबीची पिशवी झाकली, चेहरा आणि हात उघडे. नवरा बोटीवरून आदल्या रात्रीच आला होता. त्याने गावी नेऊन पुरलं.

त्याला त्रास झाला तो कागदांचा. २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाची मृतजन्म म्हणून नोंद करावी लागते, जिवंत बाळाच्या जन्मनोंदीपासून स्वतंत्र. ही माहिती रुग्णालय कळवतं. पण एकाच बाळंतपणाच्या दोन वेगळ्या नोंदी म्हटल्यावर त्याला वाटलं कोणीतरी चूक करतंय. हे आम्ही जन्माआधी सांगायला हवं, आणि आता तसं सांगतो.

आशाताईंच्या बेचाळीस दिवसांच्या गृहभेटी झाल्या. मुलीचं वजन वाढत राहिलं. आशाताईंनी आईबद्दल एक निरीक्षण कळवलं ते महत्त्वाचं होतं: येणारा प्रत्येकजण ‘एक तरी हाताक लागला’ म्हणतो, आणि ती त्यावर काही बोलत नाही. दुसऱ्याबद्दल रडायची सोयच तिला कोणी ठेवली नव्हती. आशाताई पुढच्या भेटींत सासू बाहेर असताना जाऊन बसू लागल्या. औषधाची गरज पडली नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीला दोघं आली. अठरावं गुणसूत्र सुटं होतं, म्हणून आईबापांच्या गुणसूत्रांची तपासणी लागत नाही. पुन्हा असं होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास, किंवा तिच्या वयानुसार त्याहून जास्त असेल तर तेवढी. तिने नसबंदीचं विचारलं. मुलगी अजून तीन किलोचीही नव्हती, आणि निर्णय या वर्षाच्या थकव्यातून येत होता असं मला वाटलं. सध्या तांबी बसवली, आणि मुलगी वर्षाची झाल्यावर पुन्हा बोलायचं ठरलं.